गमनियंत्रकझडप

ज्या साली आमच्या भागात जनावरांपुढं टाकायला कडब्याची पेंढी मिळेना आणि माणसं खडी फोडून सरकारी सुकडीवर दिवस काढत होती, त्या साली मुरूम गावाच्या रस्त्यावर दूध थंड करायचं यंत्र आलं. दूध नव्हतं, यंत्र आलं. चांगल्या म्हशी मिळेल त्या भावानं बाजारात गेल्या होत्या आणि उरलेल्या छावणीत नुसत्या उभ्या होत्या. पण तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष आबासाहेब मुंबईला जाऊन आले होते. डेन्मार्कचं सरकार यंत्र फुकट देतंय असं तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी मागून घेतलं. तेच सरकार विहिरींवर बसवायला पंप देतंय असं कळलं असतं तर तेही त्यांनी मागितले असते का, याची मला शंका आहे. पंपाच्या उद्‍घाटनाला मंत्री येत नाही.

यंत्र यायच्या आधी पाटी आली. दुग्धशीतीकरणकेंद्र. एका दमात, मधे कुठंही न तोडता. खडीवरून परतणाऱ्या बाया फाटकाशी थांबायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या, "काय लिवलंय ओ?" विचारलेला माणूस शाळा शिकलेला असला तरी 'दुग्धशी'पर्यंत जाऊन अडखळायचा आणि म्हणायचा, "दुधाचं कायतरी हाय." हा शब्द पंडित सरांनी घडवला होता. ते आमच्या हायस्कूलला संस्कृत शिकवायचे आणि आबासाहेबांची भाषणं लिहून द्यायचे. लोकांना जो कळत नाही तोच शब्द भारदस्त, यावर दोघांचं एकमत होतं.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. आमच्या लोकांनी धम्म घेतला त्यानंतर थोड्याच दिवसांत मी जन्मले, म्हणून माझं नाव सुजाता. वाड्यात माझ्या वयाच्या इतक्या सुजाता होत्या की हाक मारताना बापाचं नाव लावावं लागे. माझे वडील, अण्णा, मलेरिया खात्यात होते. पाठीवर पंप अडकवून गावोगाव घरांच्या भिंतींवर औषध फवारायचं आणि दारावर गेरूनं तारीख टाकायची, हे त्यांचं काम. त्यांच्या कपड्यांना, केसांना, जेवताना हाताला त्या पांढऱ्या पावडरीचा वास असे. मला अजूनही तो वास आला की घरी आल्यासारखं वाटतं. मोठमोठ्या घरांत अण्णा फवारणीसाठी माजघरापर्यंत जात. देव्हाऱ्याच्या मागची भिंतसुद्धा त्यांनी फवारलेली. काम झालं की त्याच घरातली बाई त्यांना ओट्याखाली बसवून वरून पाणी वाढायची. डासांसाठी माजघर आणि माणसासाठी ओट्याखाली, अशी त्या गावाची आरोग्याची समज होती.

खात्यातल्या माणसाच्या घरी संडास असावा असं कुणा डॉक्टरनं अण्णांना सांगितलं, म्हणून त्यांनी परसात दगडी संडास बांधून घेतला. शेजारी स्वतः खणलेला आड होता. त्याला त्या साली हंडाभर का होईना, पण रोज पाणी यायचं. या दोन गोष्टींपायी आमच्या घरापुढं एक दिवस आबासाहेबांची जीप थांबली.

आबासाहेब खाली उतरले नाहीत. जीपमधूनच म्हणाले, "मलेरियावाले, यंत्र बसवायला परदेशातनं साहेब येतोय. त्याची बाई बी हाय संगं. डाकबंगल्यात पाणी न्हाय. चार महिने तुमच्याकडं ठिवून घ्या."

"आमच्याकडं, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"मग कुठं? आमच्याकडं घरातल्या बायामाणसांचं सोवळंओवळं. ती लोकं काय खात्यात, काय न्हाय. तुमच्यात चालतं की समदं."

माझी माय दारात उभी होती. तिनं लग्नानंतर, धम्म घेतला त्या दिवसापासून, घरात मांस शिजवणंच सोडलं होतं. सासूशी भांडून सोडलं होतं. तुमच्यात चालतं हे ऐकून ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला. अण्णा म्हणाले, "व्हय साहेब." ते कायम तेवढंच म्हणत.

तर अशा तऱ्हेनं निल्सन साहेब आणि त्यांच्या पत्नी इंगरबाई आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले. साहेब म्हणजे लांबच लांब, मितभाषी माणूस. दार वाकून ओलांडायचा आणि तरी रोज एकदा कपाळ आपटून घ्यायचा. इंगरबाई आपल्या गावी पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायच्या. साठीच्या आसपासच्या, सुती झगा, पायात लाकडी तळव्याच्या चपला. पहाटे त्या चपलांची टकटक आणि मायच्या जात्याची घरघर एकदमच सुरू व्हायची. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो मायला मुळीच आवडत नसे. तिची भाकरी थापताना कडेला चिरा पडत, आणि माय त्या परदेशी ज्वारीला शिव्या देत देत तिला थापायची. ती भाकरी, शेंगांची चटणी, कधी अंबाडीची भाजी, कधी हुलग्याचं माडगं. साहेब आपल्या डब्यातले मासे उघडून खात. इंगरबाई मात्र चुलीपाशी पाटावर बसून आमच्यातलंच जेवायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं तरी चटणी मागायच्या. माय तिला इंगराबाई म्हणायची आणि तिच्याशी खुशाल मराठीत बोलायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, आणि गावात मायशी इतका वेळ बोलत बसणारी दुसरी बाई वरच्या आळीत एकही नव्हती.

मी तेव्हा उमरग्याच्या कॉलेजात पहिलं वर्ष करून घरी बसले होते. दुष्काळात एसटीचं भाडं रोज घालणं जमेना. तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं, म्हणून साहेबांचं म्हणणं कामगारांना सांगायला मला केंद्रावर नेऊ लागले. पगार नाही; चहा मिळायचा. केंद्राच्या आवारात लाकडी खोकी पडली होती आणि त्यांच्यावर काळ्या रंगात शब्द छापलेले. एवढाले शब्द मी तोवर पाहिले नव्हते. एका खोक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द, आणि त्यातल्या ओच्या पोटातून आडवी काट मारलेली. मी थांबून बघतेय हे पाहून इंगरबाई खोक्यावर बसल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. क्यो. ले. वान्स. पुम. पे. एका टाळीला एक तुकडा. मग इंग्रजीत म्हणाल्या, शब्द पुढून वाचायचा, पण समजून घ्यायचा मागून. शेवटी काय आहे? पुम्पे, म्हणजे पंप. कसला पंप? वान, म्हणजे पाण्याचा. कसलं पाणी? क्योले, म्हणजे थंड करायचं. झाला शब्द. कितीही लांब असो, शेपटीला धरला की तो गुमान सरळ होतो.

"आणि हा मधला एस?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या झग्याची बाही उलटी करून शिवण दाखवली. दोन शब्द जोडले की पुष्कळदा मधे एस घालायचा, म्हणाल्या. त्याला स्वतःचा अर्थ नाही. कधी एसऐवजी नुसता ई असतो, जसा दुधाच्या कॅनच्या नावात आहे. कधी काहीच नसतं. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसला तर तो या शिवणीवर मोडायचा, भलतीकडं नाही. भलतीकडं मोडला तर वाचणारा भलताच शब्द वाचतो. त्यांच्या पहिलीच्या मुलांना हे दोन महिन्यांत यायचं. मला एवढं यायला आठवडा लागला. पुढं तो माझा खेळच झाला. पाणी शेंदताना मी दोराच्या एकेका ओढीला एकेक तुकडा म्हणायची आणि शेजारच्या बाया विचारायच्या, हिला कसला मंतर दिलाय गोऱ्या बाईनं.

मला त्या खेळाचा आनंद का झाला याचं कारण सांगायला हवं. आठवीत असताना पंडित सरांच्या तासाला मी हौसेनं संस्कृत घेतलं होतं. ते समास शिकवत होते. फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहून त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, मागच्या भिंतीशी बसलेल्या मला उभं केलं आणि वाचायला सांगितलं. मी मधेच अडखळले. सर हसले नाहीत, तेवढा त्यांचा मोठेपणा. ते शांतपणे म्हणाले, "बस. संस्कृत पिढ्यांनी जिभेवर येते. तू हिंदी घे." मी हिंदी घेतलं. आणि आता खोक्यावर बसलेली एक परकी बाई तीच विद्या मला टाळ्या वाजवून शिकवत होती, जणू भाकरी कशी मोडायची ते दाखवावं. पिढ्यांचा काही प्रश्नच नव्हता. मागून धरायचं, शिवण बघायची. एवढीशी गोष्ट त्या गृहस्थानं अशी झाकून ठेवली होती की जसा काही घरातला दागिना.

यंत्र जोडून होत आलं तशी नावांची पाळी आली. प्रत्येक भागावर पितळेची डॅनिश पट्टी होती, उठावाच्या अक्षरांची. कामगारांना ती वाचता येणं शक्य नव्हतं, म्हणून साहेबांनी मराठी पाट्या मागितल्या. आबासाहेबांनी ते काम अर्थातच पंडित सरांकडं दिलं. सर धोतर सावरत केंद्रावर आले, नाकाला रुमाल लावून यंत्राभोवती फिरले. साहेब इंग्रजीत एकेक भाग समजावून सांगत होते. गार पाणी जिथून यंत्रात शिरतं ती झडप, आणि तेच पाणी जिथून बाहेर पडतं ती झडप, अशा दोन झडपा भिंतीशी शेजारी शेजारी होत्या. सर क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, आणि मी समोर असल्यामुळं मलाच ते लिहून घ्यावं लागलं: शीतजलागमनियंत्रकझडप आणि शीतजलनिर्गमनियंत्रकझडप.

"सर, झडप तर मराठी झाली," मी म्हणाले. बोलून गेले खरी.

"कळतं मला," सर म्हणाले. "अडाणी माणसांसाठी तेवढी सवलत दिली."

पेंटरनं पाट्या रंगवल्या. पत्र्याचे तुकडे वीतभर आणि शब्द हातभर. पेंटर बिचारा पत्रा संपला की खालच्या ओळीत उतरला. पहिल्या पाटीवर वरच्या ओळीत आलं शीतजला, खाली गमनियंत्रकझडप. दुसरीवर वर आलं शीतजलनि, आणि खाली गच्या डोक्यावर रफार देऊन गमनियंत्रकझडप. पाट्या लागल्या झडपांच्या मागं, आणि वरची ओळ जाड नळाआड गेली. समोर उभं राहिलं की दोन्हीकडं गमनियंत्रकझडप. फरक काय तो एका रफाराचा. तोही चार दिवसांत चुन्याच्या शिंतोड्यांनी झाकला.

केंद्रावर चाँदभाई नावाचा फिटर होता, नळदुर्गकडचा. त्याला मराठी अक्षरं जुळवून वाचता यायची. तो पाटीपुढं उभा राहून म्हणाला, "गम नियंत्रक. बहेन, ये तो लई कामाची चीज हाय. दोन-दोन बसवल्यात. एक माझ्या घरी न्हेऊ का? बायकोला लई गम हाय." सगळे हसले. मी पण हसले. मग मी अण्णांच्या गेरूनं कागदाच्या दोन पट्ट्यांवर लिहिलं, पाणी आत, पाणी बाहेर, आणि आबासाहेबांच्या कचेरीत गेले. तिथं पंडित सर चहा पीत बसले होते.

"आबासाहेब, त्या पाट्या वाचता येत न्हाईत. ह्या लावू द्या," मी म्हणाले.

आबासाहेबांनी पट्ट्या हातात न घेता लांबूनच वाचल्या. "मंत्रीसाहेब येणार. आन हितं बालवाडीवानी पाणी आत, पाणी बाहेर? काय म्हंतील?"

"मंत्री झडप फिरवणार न्हाईत. फिरवणाऱ्याला कळाया पायजे."

पंडित सरांनी बशी खाली ठेवली. "बाळ, यंत्र एवढ्या लांबून आलं आहे. त्याला शोभेल अशी भाषा नको का? त्यांचे शब्दसुद्धा केवढे लांब आहेत, बघितलेस ना?"

"त्यांचे शब्द त्यांच्या पहिलीतल्या पोरांना कळत्यात, सर," मी म्हणाले. आबासाहेबांनी दाराकडं बघितलं, म्हणजे मी जायचं होतं. निल्सन साहेबांनीही आबासाहेबांना एकदा सांगून पाहिलं. त्यांना उद्‍घाटनानंतर बघू असं गोड उत्तर मिळालं. आपल्याकडं उद्‍घाटन हे यंत्राचं मुख्य काम असतं आणि बाकीचं काम नंतरचं, हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं.

उद्‍घाटनाच्या दिवशी मांडव, लाऊडस्पीकर, पाण्याचे दोन टँकर, एक यंत्राला पाणी द्यायला केंद्राच्या दाराशी, दुसरा लोकांना दिसावा म्हणून फाटकाशी. दूध मिळेना, म्हणून कॅनमधे पाणी घालून वर दुधाचा पांढरा तवंग आणला होता. मंत्री झाकण उघडून आत डोकावतील तेवढ्यापुरता. यंत्रावर कायमचा माणूस म्हणून आबासाहेबांचा पुतण्या नेमला होता. नव्या पांढऱ्या पँटीत तो यंत्राशेजारी फोटोसाठी उभा होता. साहेबांना मांडवात हार घालायला बोलावून नेलं. त्यांनी जाताना मला आणि मी पुतण्याला बजावलं की पाणी जायची झडप उघडीच आहे, तिला हात लावू नको; खूण झाली की फक्त पाणी यायची झडप उघड आणि मग खटका दाब. पुतण्या म्हणाला, "तू नको शिकवू मला." मी आणि इंगरबाई दाराबाहेर उभ्या राहिलो.

मंत्र्यांनी मांडवात बटण दाबलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. लाऊडस्पीकरवर टाळ्या झाल्या आणि आत पुतण्यानं झडप फिरवली. दोन्हींवर गमनियंत्रक. त्यानं उघडी होती ती फिरवून बंद केली आणि खटका दाबला. पाणी यायला वाट नाही, जायला वाट नाही, आणि यंत्र चालू. मांडवात पंडित सरांनी लिहिलेलं भाषण चाललं होतं. त्यातला एक शब्द संपून दुसरा सुरू व्हायला वेळ लागत होता. आतला आवाज हळूहळू बदलला, गुरगुरण्याचा घरघराट झाला. मग एकाएकी फुस्स करून वरच्या नळीतून, ज्याच्यावर यंत्र दूध थंड करतं तो अमोनिया वायू सुटला. तो वास ज्याला माहीत नाही त्याला सांगता येणार नाही. नाकात नाही, डोळ्यांत आणि डोक्याच्या आत शिरतो. पुतण्या माझ्या अंगावरूनच पळत बाहेर गेला. मांडवातली माणसं खुर्च्या उलथून सैरावैरा झाली. मंत्र्यांची मोटार सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेर पडली.

निल्सन साहेब गळ्यात हार तसाच घेऊन धावत आले आणि आत शिरले. त्यांनी खटका बंद केला, पण त्या धारेच्या अगदी खाली ते सापडले आणि डोळे धरून गुडघ्यावर बसले. यंत्र थांबलं तरी आतला वायू तापलेला होता, तो सुटतच होता. पाणी फिरल्याशिवाय निवणार नव्हता. ते ओरडायला लागले, आणि त्या घाईत त्यांचं इंग्रजी पार गेलं होतं. "तिलोब, तिलोब," एवढंच मला ऐकू आलं.

तो शब्द मला येत होता. तिल म्हणजे कडे. लोब म्हणजे धाव. पाणी आत येतं ती वाट. इंगरबाईंनी टँकरच्या नळाखाली माझा पदर भिजवला, मी तो तोंडाला गुंडाळला आणि आत गेले. डोळे उघडणं शक्य नव्हतं. पाट्या दिसल्या असत्या तरी त्यांचा काय उपयोग होता. भिंत चाचपत झडपांपाशी आले. कुठली डावी, कुठली उजवी, रोज पाहिलेलं ते त्या क्षणी काही आठवेना. बोटांना पितळेची पट्टी लागली. के. काट मारलेला ओ. एल. ई. दोन्ही पट्ट्यांवर पहिली अक्षरं तीच. फरक शिवणीच्या पुढं. मी बोटं सरकवत राहिले. व्ही, ए, एन, डी, मग एस. एसच्या पुढं बोटाला तिरकी रेघ लागली, मग दुसरी तिरकी, मधे आडवी. ए. हे आवलोब, बाहेर जाणारं. ती झडप मी मिळेल तेवढ्या जोरानं उघडली आणि शेजारी हात टाकला. परत एसपर्यंत गेले. पुढं सरळ उभा दांडा आणि वर आडवी रेघ. टी. मी दोन्ही हातांनी ते चाक फिरवलं आणि नळातून पाणी धावल्याची थरथर हाताला लागली. तोवर चाँदभाई तोंडाला रुमाल बांधून आला होता. त्यानं साहेबांना खांद्याखाली धरलं, मला मानेमागं पदराला धरलं आणि दोघांना बाहेर ओढलं.

साहेबांचा एक डोळा वाचला. दुसऱ्यानं त्यांना पुढं धूसरच दिसायचं, असं इंगरबाईंनी नंतर कळवलं. माझा डावा डोळा कांदा न चिरताही वाहतो. हे लिहिताना मधूनमधून पुसावा लागतोय, आणि वाचणाऱ्यानं त्याचा भलता अर्थ काढू नये. सोलापूरच्या इस्पितळातून साहेब परत आले ते सामान आवरायलाच. जायच्या दिवशी इंगरबाई चुलीपाशी मायच्या शेजारी बसल्या, आणि दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मी मधे पडले नाही. साहेबांनी आबासाहेबांना इंग्रजीत लिहून दिलं की यंत्र चालवायचं असेल तर या मुलीला कामावर घ्या. ते त्यांनी माझ्यादेखत दिलं म्हणून मला माहीत.

संघाच्या सभेत मात्र पंडित सरांनी लिहिलेला वृत्तांत वाचला गेला. त्यात त्या सगळ्या प्रकाराला आकस्मिकवायुनिःसरणप्रसंग असं म्हटलं होतं. प्रसंग कसला तर वायू निसटण्याचा, आणि तोही आपोआप. त्यात झडप फिरवणारा कुणी नव्हता, पळणारा नव्हता, आणि आत जाणारीही नव्हती. संस्कृतात एवढी सोय आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांना ती पुरती माहीत होती.

दोन-तीन आठवड्यांनी आबासाहेबांचा निरोप आला. पोरीला घेऊन या, नोकरीचं बघू. मायनं माझं धुतलेलं पांढरं पातळ काढलं. अण्णांनी खात्याची खाकी टोपी घातली. कचेरीत आबासाहेब, पंडित सर आणि पुतण्या बसलेले. आम्हाला बसा म्हटलं नाही, पण एक बाकडं होतं, त्यावर अण्णा आज स्वतःहून बसले. मी शेजारी बसले.

"साहेबाचा शब्द मोडायचा न्हाय म्हणून बोलिवलं," आबासाहेब म्हणाले. "पोरीसाठी जागा काढलीय. कायम. काय म्हंत्यात तिला, सर?"

पंडित सरांनी चष्मा चढवून कागदावरून वाचलं. "दुग्धकेंद्रपरिसरस्वच्छतासहायिका."

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांना त्यातलं केंद्र तेवढं कळलं होतं, आणि शब्द एवढा मोठा म्हणजे काम मोठं, असं त्या क्षणी त्यांनाही वाटलं असावं. ते उठून हात जोडणार तेवढ्यात मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सर, मागून बघू का?" मी म्हणाले. "शेवटी सहायिका. म्हणजे मदतनीस. कशाची? स्वच्छतेची. कुठली स्वच्छता? परिसराची. म्हणजे आतली सुदिक न्हाय, अंगणातली. कुठलं अंगण? दुधाच्या केंद्राचं." मग मी अण्णांकडं वळले. "अण्णा, झाडू मारायचाय. आवारात."

"काम कुठलंच हलकं नसतं," पंडित सर कागद घडी करत म्हणाले.

"मग मशीनवर घ्या," मी म्हणाले. "झाडायला ह्यांना ठेवा." पुतण्याच्या अंगावर अजून ती पांढरी पँट होती.

"दुधाचा धंदा हाय, पोरी," आबासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. व्यवहार समजावल्यासारखं सांगत होते. "दूध घालणारी लोकं बघत्यात कुणाचा हात लागतोय ते. मला कळतं गं, पर लोकं. आवारापातूर ठीक हाय. आतमंदी न्हाय चालायचं."

वायू सुटला होता तेव्हा आतमधे चाललं होतं. हे मी मनात म्हणाले, कारण तोवर अण्णा उभे राहिले होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. दाराकडं चालू लागले. मी मागं निघाले.

"मलेरियावाले," आबासाहेबांनी हाक मारली. "पोरीला समजवा जरा. असली कायमची जागा पुन्यांदा न्हाय यायची."

अण्णा उंबऱ्यात थांबले आणि वळले. आयुष्यभर त्या माणसापुढं एकच शब्द बोललेले अण्णा.

"तिला समजलंय, साहेब," ते म्हणाले. "म्हणून तर उठलोय."

पावसाळ्यात अण्णांनी मला औरंगाबादच्या वसतिगृहात नेऊन घातलं. तिथल्या कॉलेजच्या कचेरीतल्या कारकुनानं विषय विचारले, मी सांगितले, आणि त्यानं वर बघून विचारलं, संस्कृत नक्की का. अण्णा म्हणाले, "ती म्हंतीय तेच लिवा." त्यानं लिहिलं.